गुण आहेत, गुरुजी नाहीत

2023 साली ‘जय जय महाराष्ट्र माझा’ आपलं राज्यगीत झालं. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, शाहीर साबळे यांचा आवाज. शाळेच्या परिपाठात राष्ट्रगीत आणि प्रतिज्ञेसोबत ते म्हणावं किंवा वाजवावं, असं सरकारने सांगितलं. अनेक शाळांत ते वाजवलंच जातं. मोबाईल स्पीकरला जोडायचा, बटण दाबायचं, मुलांनी सावधानमध्ये उभं राहून ऐकायचं. खळ्यांची चाल मुलांच्या गळ्यात कोण उतरवणार? राज्याने गीत दिलं, ते शिकवणारा माणूस दिला नाही.

या आठवड्यात माझी एकच मागणी आहे. जिल्हा परिषदेच्या, महापालिकांच्या आणि अनुदानित माध्यमिक शाळांत संगीताचा शिक्षक द्या, त्याला वेळापत्रकात तास द्या आणि मुलांना वर्षातून काही वेळा लोकांसमोर गायला-वाजवायला उभं करा. शिक्षक, तास आणि मंच. यातलं एक काढलं की उरलेली दोन कोलमडतात.

आधी गुणांचं बघू. दहावीला शास्त्रीय गायन, वादन किंवा नृत्य शिकणाऱ्या मुलांना वाढीव गुण मिळतात. मान्यताप्राप्त संस्थेच्या तीन परीक्षा उत्तीर्ण असतील तर 10, पाच असतील तर 15. कलेला दहावीच्या गुणपत्रिकेत जागा मिळाली हे चांगलंच झालं. पण हिशेब मांडा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा क्रमाने येतात: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण. पाचवी परीक्षा दहावीच्या आत व्हायची तर मुलाने पाचवीच्या आसपास पेटीसमोर बसायला हवं. मग दर महिन्याची क्लासची फी, परीक्षेची फी, केंद्र असेल त्या गावापर्यंतचं एसटीचं भाडं, घरी रियाजासाठी तबला किंवा पेटी. पुण्या-ठाण्यातल्या नोकरदार घराला हे झेपतं. माणदेशातल्या किंवा मेळघाटातल्या शाळेत शिकणाऱ्या मुलीचा गळा कितीही चांगला असो, तिला पहिला सा लावून द्यायलाच कुणी भेटत नाही.

म्हणजे शाळेने न शिकवलेल्या विषयाचे गुण शाळेच्या गुणपत्रिकेत चढतात. ते गुण मुलाच्या मेहनतीचे आहेतच, पण आईबापांच्या ऐपतीचेही आहेत. सरकारी शाळा ज्यांच्यासाठी आहे, नेमकी तीच मुलं या गुणांच्या रांगेत उभी राहू शकत नाहीत. गुण काढून घ्या असं मी म्हणत नाही. ज्याचे गुण देता ते शिकवा, एवढंच म्हणतो.

हे जमण्यासारखं आहे, याचा पुरावा त्याच शाळेच्या पुढच्या खोलीत सापडतो. चित्रकलेची एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतली मुलं देतात. परीक्षा शासनाची, फॉर्म शाळेतून भरायचा, तयारी चित्रकलेच्या सरांनी करून घ्यायची, केंद्र जवळच्या शाळेत. कितीतरी शेतकऱ्यांच्या मुलांनी या दोन परीक्षांच्या बळावर पुढे आर्ट स्कूलची वाट धरली. संगीताला अशी शासनाची, शाळेतून देता येणारी परीक्षा का नसावी? संगीताच्या परीक्षांचं काम खासगी संस्थांनी शंभर वर्षं निष्ठेने केलं, त्यांचं ऋण मोठं आहे. पण तेवढ्याने राज्याची जबाबदारी संपत नाही.

आता कायदा. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीचा पट शंभरावर असेल तर कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत असं लिहिलं आहे. दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, माणूस अंशकालीन. महाराष्ट्रात या निदेशकांना मानधनावर राबवून घेतलं गेलं आणि नोकरी टिकवण्यासाठी त्यांना आंदोलनं करावी लागली, कोर्टाची पायरी चढावी लागली. ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण या शाळेत असू की नाही हे माहीत नाही, तो मुलांचा वाद्यवृंद कसा उभा करणार? दुसरी, हा कायदा आठवीला थांबतो. नववी-दहावीच्या मुलासाठी तो काहीच बोलत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय ही भिंत पाडायची म्हटलं. भिंत पाडायला माणसं लागतात. बालभारतीने नववी-दहावीसाठी ‘स्वविकास व कलारसास्वाद’ हे पुस्तक काढलं. हेतू उत्तम. पण राग पुस्तकात वाचून कळत नाही, तो कुणीतरी समोर बसून गावा लागतो.

आणि नेमकं नववी-दहावीचं वयच असं आहे की तिथे जाणता शिक्षक सगळ्यात जास्त लागतो. या वयात मुलांचा आवाज फुटतो. सहावीत काळी चारमध्ये मोकळा गाणारा मुलगा नववीत त्याच पट्टीत गायला गेला की आवाज चिरकतो. वर्ग हसतो, तो ओशाळतो. शिक्षक नसेल तर त्याला सांगितलं जातं, तू मागे उभा राहा, नुसतं तोंड हलव. अनेक पुरुषांचं गाणं आयुष्यभरासाठी इथेच थांबलेलं आहे. जाणत्या शिक्षकाला माहीत असतं की हे वर्षा-दीड वर्षाचं प्रकरण आहे. तो पट्टी खाली आणतो, वरचे सूर ताणू देत नाही, खर्जात हलका रियाज देतो, तोवर हातात ढोलकी किंवा टाळ देऊन मुलाला लयीत ठेवतो. मुलींची पट्टी वेगळी, मुलांची वेगळी, म्हणून समूहगीताची मांडणीच बदलतो. स्पीकरला यातलं काही कळत नाही. रेकॉर्डची पट्टी गायकाची असते, समोरच्या मुलांची नसते.

आपल्या शाळांच्या प्रार्थनाच बघा. ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ 1957 च्या ‘दो आँखे बारह हाथ’मधली, लता मंगेशकरांनी गायलेली. ‘हमको मन की शक्ती देना’ 1971 च्या ‘गुड्डी’मधली, वाणी जयराम यांनी गायलेली. दोन्ही चाली वसंत देसाईंच्या, सिंधुदुर्गातल्या सोनवड्याच्या माणसाच्या. देशातल्या असंख्य शाळांची सकाळ या माणसाच्या चालींनी सुरू झाली. शाळकरी मुलांच्या ‘एक सूर एक ताल’ या समूहगानाच्या उपक्रमाशीही त्यांचं नाव जोडलेलं आहे. हजारो मुलं एका सुरात गाऊ शकतात, कारण त्यांच्यासमोर कुणीतरी हात वर करून उभा राहतो आणि त्याआधी अनेक दिवस तालीम घेतो. वसंत देसाईंच्या महाराष्ट्राला हे नव्याने सांगायची वेळ यावी, याचा मला राग येतो.

सामान्यांच्या मुलांना संगीत शिकवायची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात 1886 साली मौलाबक्षांच्या हाताखाली संस्थानच्या खर्चाने गायनशाळा सुरू झाली. आजच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातली संगीत-नृत्य-नाट्याची विद्याशाखा त्याच मुळातून वाढली. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि घराण्यांच्या दारात अडलेलं गाणं वर्गात आणलं. विष्णू नारायण भातखंडे पेशाने वकील. त्यांनी उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या, स्वरलिपीत बसवल्या आणि क्रमिक पुस्तकांची मालिका मराठीत लिहिली. क्रमिक पुस्तकं, म्हणजे वर्गासाठी, इयत्तेच्या क्रमाने. पाठ्यपुस्तक मराठीत तयार असलेल्या राज्यात वर्ग भरत नाही.

गोव्याने याहून वेगळा आणि फार उपयोगी धडा दिला आहे. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या पॅरिश शाळांत मुलांना अक्षरांबरोबर स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. हेतू चर्चमधल्या प्रार्थनासंगीताचा होता. पण गावागावांत नोटेशन वाचणारी मुलं तयार झाली आणि रोजगारासाठी मुंबईला आली, तेव्हा हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद गोवेकरांनी भरून गेले. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट ही गोव्यातून आलेली नावं त्या सोनेरी काळातल्या संगीताच्या पाठीशी उभी आहेत. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते गोन्साल्विस यांच्याकडे. गावच्या शाळेत सगळ्यांना थोडं थोडं शिकवलं की त्यातून काही जण फार पुढे जातात आणि बाकीच्यांचे कान तयार होतात. थोर कलावंत शोधून काढण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

आता मंचाकडे. माध्यमिक शाळेतला मुलांचा हक्काचा मंच म्हणजे स्नेहसंमेलन. तो मंच आपण ट्रॅकवरच्या नाचांना देऊन टाकला आहे. भाड्याचे कपडे, भाड्याचा डीजे, मोठ्या आवाजात सिनेमाचं गाणं आणि बाराव्या मिनिटाला पुढचा गट. नाचाला माझा विरोध नाही. पण चार तासांच्या कार्यक्रमात एकही मूल स्वतःच्या गळ्याने गात नाही, एकाच्याही हातात वाद्य नाही, हे शाळेच्या कार्यक्रमात चालता कामा नये. माईकसमोर उभं राहिल्यावर पोटात गोळा येतो, पहिली ओळ थरथरते, दुसरीला आवाज सापडतो आणि टाळ्या येतात. हे शिक्षण पाठ्यपुस्तकातून देता येत नाही.

2015 पासून केंद्र सरकारचा ‘कला उत्सव’ नववी ते बारावीच्या मुलांसाठी होतो आणि सरकारी शाळांची मुलं तिथे राष्ट्रीय पातळीवर पोचतात. भारत विकास परिषदेच्या समूहगान स्पर्धाही अनेक वर्षं सुरू आहेत. दोन्ही चालू राहाव्यात. पण स्पर्धेत शाळेचं एक मूल किंवा एक गट जातो. बाकीच्या सातशे मुलांनी कुठे गायचं? शाळेचा मंच निवडलेल्यांसाठी नसतो. बेसूर गाणाऱ्यालाही कोरसमध्ये जागा मिळते आणि तिथे उभं राहून राहूनच तो सुरात येतो.

शिक्षक आणायचे कुठून, हा प्रश्न मला अनेक जण विचारतात. तुमच्याच गावातून. ज्या गावात भजनी मंडळ आहे तिथे पखवाज वाजवणारा आहे. जोग महाराजांनी 1917 मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून गायन आणि मृदंग शिकलेल्यांच्या पिढ्या गावोगाव आहेत. गोंधळी आहेत, शाहीर आहेत, बँडपथकात क्लॅरिनेट वाजवणारे आहेत, विशारद होऊन घरी बसलेल्या मुली आहेत. विशारद-अलंकार झालेल्यांना शाळेत पूर्ण पगाराची जागा द्या. ज्यांच्याकडे पदवी नाही पण हातात कला आहे, त्यांना या शिक्षकांबरोबर सन्मानाच्या मानधनावर, वर्षभरासाठी आणि वेळेवर पैसे देऊन बोलवा. गोंधळ्याचा मुलगा त्याच वर्गात बसलेला असतो. त्याच्या बापाचं संबळ शाळेत वाजलं की त्या मुलाची वर्गातली जागाच बदलते.

प्रत्येक शाळेला लगेच स्वतंत्र शिक्षक जमत नसेल, तर केंद्रातल्या शाळा मिळून एक नेमा आणि त्याचे वार ठरवून द्या. सुरुवातीला दोन पेट्या, तबला-डग्गा, ढोलकी, टाळांचे काही जोड एवढं पुरतं. नववी-दहावीला आठवड्यात दोन तास ठेवा आणि ते तास फेब्रुवारीत गणिताच्या सरावासाठी काढून घेऊ नका. चित्रकलेसारखी संगीताची शासकीय परीक्षा शाळेतून सुरू करा आणि वाढीव गुण तिला जोडा. 15 ऑगस्ट, 26 जानेवारी आणि 1 मे या तीन दिवशी गावासमोर प्रत्येक वर्गाचं एक गाणं, स्वतःच्या वाद्यांवर, रेकॉर्ड न लावता.

मंत्रालय हे आपणहून करेल म्हणून वाट बघू नका. शाळा व्यवस्थापन समितीच्या किंवा पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीला जा. तिथे खोल्या, पाणी, स्वच्छतागृह यांची यादी निघेल. त्या यादीत संगीत शिक्षकाची जागा लिहायला लावा, ठराव करून घ्या, त्याची प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही, तर पुढच्या महिन्यात पुन्हा जा. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत मत मागायला कुणी आलं, तर त्यालाही हेच विचारा: आमच्या शाळेतला संगीताचा तास कोण घेणार, आणि कधीपासून?