पट्टीचे वाचक

परीक्षा जवळ आल्या की बदामाला भाव येतो. रात्री भिजवायचे, सकाळी सोलायचे, की प्रमेय पाठ. बदाम पौष्टिक आहे, वाद नाही. पण न वाचलेला धडा आपण आठवून देतो, असा निदान बदामाचा तरी दावा नाही.

दावे करायला माणसं आहेत. काही वर्षांपूर्वी आपल्याकडे गावोगावी 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'चे वर्ग निघाले. काही हजार रुपये भरा, पोराला सुट्टीत पाठवा, ते डोळ्यांवर पट्टी बांधून वर्तमानपत्र वाचू लागेल! आईवडील टाळ्या वाजवत. मंगळूरचे नरेंद्र नायक यांच्यासारखे विवेकवादी सांगून थकले की नाकाशेजारी फट राहते, पोर तिथून बघतं. फट बुजवा किंवा कागद कपाळासमोर धरा, दिव्यशक्ती जागच्या जागी विझते. खरा मध्यमेंदू जन्मापासून चालूच असतो आणि डोळ्यांच्या हालचाली सांभाळणं हे त्याचं एक काम. म्हणजे नजर फटीकडे वळवताना तो राबतो खरा. जाहिरात अगदीच खोटी म्हणता येत नाही. पोर मात्र एक धडा पक्का शिकतं: आईबाबा खूश असतील तर फटीबद्दल बोलायचं नाही.

आपलेच लोक भोळे, असंही नाही. 1993 साली 'नेचर'मध्ये एक छोटा प्रयोग छापून आला. मोत्सार्ट ऐकल्यावर कॉलेजातल्या मुलांना आकृत्यांची कोडी जरा बरी सुटली. परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्यावर 1998 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या गव्हर्नरसाहेबांनी राज्यातल्या प्रत्येक तान्ह्या बाळाला संगीत वाटण्यासाठी 1,05,000 डॉलर मागितले. कॉलेजची मुलं राहिली बाजूला, पाळण्यातली हुशार होणार!

या सगळ्यांपेक्षा चिवट भ्रम फुकट मिळतो. धडा चारदा वाचला, पिवळ्या हायलायटरने पान हळदीला बसवलं, की 'झालं माझं'. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये याची परीक्षा घेतली. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्याने एका बैठकीत वाचला आणि मग कागद बाजूला ठेवून तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे: 83 टक्के, आठवणारे 71. आठवड्याने वाचणारे 40 वर घसरले, आठवणारे 61 वर. आणि गंमत बघा, आपल्या लक्षात जास्त राहील अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती. ओळखीचं वाटणं आणि येणं यांतला फरक पुस्तक उघडं असेपर्यंत कळत नाही.

जुने मास्तर हे शास्त्र न वाचताच वापरत. पाढे सुरात म्हणून घेत, त्यात आपण ओठ हलवून निभावून नेत असू, पण मधेच बोट रोखून "तेरा सत्ते?" आलं की सूर मदतीला येत नसे. आपण त्या सगळ्याला सरसकट घोकंपट्टी म्हणून हिणवलं, आणि घोकणं ठेवून विचारणं तेवढं काढून टाकलं.

पुस्तक मिटायचे क्लास अजून निघालेले नाहीत. फी कशाची लावणार? पण नाव सुचलं की निघतीलच. 'रिकॉल थेरपी' कसं वाटतं? सोबत डोळ्यांची पट्टी मोफत.