मन मोकळे करा, दोन प्रतींत

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हेडसरांनी चष्मा पुसला आणि खालच्या आवाजात सांगितलं, "पट एकशे चार झालाय. पाच पोरं जड जातायत."

मी चाटच पडलो. याच शाळेने २०११ च्या पटपडताळणीला शेजारच्या दोन गावांतली पोरं टेम्पोत भरून आणली होती. बोटाला शाई लावायला माणूस समोर आला, तेव्हा त्यांतल्या निम्म्यांना आपलं नाव काय ठरलंय तेच आठवेना. आणि आता पोरं जड?

कारण शंभरचा आकडा. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने बजावलं, की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवाच. शंभराच्या आत असाल, तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संधान बांधा.

"रीतसर संधान म्हणजे भिंतीवर नंबर रंगवायचा," हेडसर म्हणाले. "नव्याण्णवावर भागलं असतं हो."

पण पोरं काही कमी होईनात. मग प्रभारी समुपदेशक शोधणं आलं. गणिताचे सर तयार होते. पण वर्गातला निम्मा ताण त्यांच्याच मालकीचा, म्हणून ते बाद. शेवटी चित्रकलेचे सर धरले. त्यांची पात्रता एवढीच, की त्यांना कुणी ओरडताना ऐकलेलं नाही. एक दिवसाचं ऑनलाइन प्रशिक्षण झालं. त्यात "सर, आवाज येत नाही" हे वाक्य सगळ्यांत जास्त वेळा आलं.

खोली मिळाली ती पोषण आहाराच्या तांदळाची. पोती एका भिंतीला सरकवली, हार्मोनियमवर सतरंजी टाकली आणि दारावर सरांनीच लफ्फेदार अक्षरांत 'समुपदेशन कक्ष' असं रंगवलं. दार उघडतं ते थेट मैदानात. आत पाऊल टाकणारा अख्ख्या शाळेला दिसतो, आणि 'याचं डोकं फिरलं' ही बातमी त्याच्या आधी घरी पोचते. आनंदाला वार मिळालेला होताच: २०२४ पासून पहिली ते आठवीचा शनिवार सरकारी हिशेबाने आनंददायी असतो. दुःखाला बुधवार, चौथा तास दिला.

रजिस्टरही आखलं. अनुक्रमांक, नाव, इयत्ता, समस्येचे स्वरूप, केलेली कार्यवाही, पालकांची सही. बापाच्या दारूची तक्रार असेल तर त्याखाली सही बापाचीच.

वरून फर्मान आलं: समुपदेशन चालू असतानाचा जिओटॅग फोटो, मुलाचा चेहरा स्पष्ट दिसेलसा. पहिला फोटो परत आला, कारण मूल हसत होतं. मग गॅदरिंगमध्ये श्रावणबाळ झालेल्या पोराला बसवलं. त्याने असा काही चेहरा पाडला, की तालुक्याच्या साहेबांनी फोटो आदर्श म्हणून सगळ्या ग्रुपवर फिरवला.

नंबरही रंगवलाच. टेलिमानस, १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही. सेवा चांगली आहे, थट्टेचं काही नाही. पण शाळेत मोबाइलला बंदी, आणि घरी मोबाइल एकच. तो बाबांच्या खिशात असतो.

बंगळुरूच्या निमहान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयाच्या शंभरातल्या सातेक मुलांत मानसिक आजार आढळला होता. आमच्या शाळेचा मासिक अहवाल 'निरंक' जातो. "सात लिहिले तर सातांचे फोटो मागतील," हेडसरांचं म्हणणं. त्यात मी तरी काय खोट काढणार?

बुधवारचा चौथा तासही फार दिवस टिकला नाही. सर बीएलओ आहेत. मतदारयाद्यांचं काम निघालं आणि कक्षात तांदूळ पुन्हा ऐसपैस पसरला.

त्याच सुमारास आठवीच्या वर्गात सरांनी 'माझे घर' हा विषय दिला. सगळ्यांनी डोंगर, सूर्य, नारळ आणि कौलारू घर काढलं, अगदी पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांनीसुद्धा. एका मुलीच्या घराला दार नव्हतं.

"दार राहिलं गं."

"राहिलं नाही सर. नाहीच काढलं."

सरांनी चित्राला दहापैकी आठ दिले आणि वही स्वतःकडे ठेवली. समुपदेशक म्हणून तिच्या घरी जाणं म्हणजे आळीभर बोभाटा. पण मतदारयादी काखेत घेऊन कुणाच्याही ओट्यावर बसता येतं. बसले. आजीचं वय तपासलं, आईच्या नावातली वेलांटी सुधारली, मग चहा आला, मग दुसरा आला. मुलगी आधी दाराआड होती, नंतर ओट्यावर येऊन बसली. सर निघाले तेव्हा दिवेलागण झाली होती. पुढच्या सोमवारी आई आणि मुलगी जिल्हा रुग्णालयाच्या एसटीत दिसल्या.

मार्चच्या तपासणीत साहेबांनी रजिस्टर उघडलं. कोरं.

"वर्षभरात एकही भेट नाही?"

सरांनी बीएलओची वही पुढे केली. त्या घराच्या क्रमांकापुढे लिहिलं होतं: 'समक्ष भेट दिली. दुरुस्ती सुरू.'

साहेबांनी ती मिटून परत दिली. "हे आमच्या खात्यात येत नाही."