पोर्टलंडचे पोलीस दप्तर

अमेरिकेतील ऑरेगन राज्यात पोर्टलंड नामक शहर आहे. तेथे २०११ ते २०१७ या काळात, 'ग्रिम' मालिकेच्या सहा पर्वांतून आणि १२३ भागांतून, मनुष्यवेष धारण करून राहणाऱ्या लांडग्यांचा, अस्वलांचा व चेटकिणींचा जो सुकाळ झाला, त्याची नोंद तेथील खानेसुमारीच्या खात्याने कोणत्या रकान्यात केली असेल, हे कळावयास मार्ग नाही. खून व्हावा, निक बर्खार्ट या गुप्तहेर अंमलदाराने मावशीकडून वारशाने आलेल्या पोथ्या उलगडून आरोपीची योनी निश्चित करावी, आणि घड्याळे दुरुस्त करणाऱ्या मनरो नावाच्या शाकाहारी लांडग्याने त्यास दुजोरा द्यावा, हा तपासाचा शिरस्ता. मात्र संशयिताचे तोंड क्षणभर श्वापदाचे झाले होते, हा मुद्देमालाहूनही निर्णायक पुरावा पंचनाम्यात लिहिण्याची सोय नाही. वरिष्ठांकडे दाद मागावी, तर कॅप्टन रेनार्ड हे स्वतःच चेटकिणीचे चिरंजीव, शिवाय राजघराण्यातले (अनौरस का होईना). या सर्व कारभारात खरी दया येते ती सार्जंट वू यांची. तिसऱ्या पर्वात फिलिपिनी लोककथेतील अस्वांग नावाचे भूत प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिल्यावर हा सरळमार्गी इसम स्वतःस भ्रमिष्ट समजून मनोरुग्णालयात दाखल झाला. आणि सत्य पुरते ठाऊक असलेले त्याचे सहकारी त्याच्या समाचारास गेले, प्रकृतीची आस्थेने चौकशी करते झाले, आणि तोंडातून अवाक्षर न काढता पुढील खुनाच्या तपासास लागले.