स्वतः भाजा, बिल भरा

याकिनिकू या जपानी पद्धतीत मांस गिऱ्हाईकच टेबलातल्या शेगडीवर भाजतं. हॉटेल पातळ काप, चिमटा आणि बिल पुरवतं. जपानमधल्या कोरियन स्थलांतरितांनी ती रुजवली. 1980 च्या सुमारास धूर ओढून घेणाऱ्या शेगड्या आल्या, कपड्यांना वास लागेनासा झाला, आणि पदार्थ एकदम प्रतिष्ठित ठरला. सोबत मित्र असल्यास एक जण भाजतो, दुसरा फोटो काढतो. करपलेला काप कोणी खायचा हे मैत्री किती जुनी यावर ठरतं.

बोरिवलीहून बोटीने खाडी ओलांडून गोराईत बंगला भाड्याने घेणारी मंडळी हेच काम अंगणात उरकतात. चिकनला मसाला आदल्या रात्री घरीच चोळलेला असतो, पुठ्ठ्याने वारा घालायला धाकटा भाऊ असतो. धूर सगळ्यांच्याच डोळ्यांत जातो, सेवाशुल्क मात्र कोणी लावत नाही.