टोप वरच्या वाडीत, झाकण खालच्या वाडीत

लग्न घरच्या अंगणातच करायचं, असं तात्यांच्या मुलीने जाहीर केलं तेव्हा सगळ्यांना गहिवरून आलं. हॉल नको, केटरर नको. पुढे मांडव, मागे परसात चुली. मग आचाऱ्याने पत्रिकेच्या पाकिटावर भांड्यांची यादी लिहून दिली आणि गहिवर ओसरला. दहा दहा किलो तांदूळ शिजतील असे टोप तीन, आमटीचं सतेलं, पुऱ्यांची खोल कढई, जिलबीची सपाट बुडाची कढई, काथवट, परात, झारे, कालथे, ओगराळी, रोवळ्या. तळाशी दोनदा अधोरेखित: ‘जर्मन नको.’ जर्मन म्हणजे अॅल्युमिनिअम. पातळ जर्मनच्या टोपात भात बुडाला लागतो आणि त्याचा वास अख्ख्या लग्नाला लागतो, असं आचाऱ्याचं मत होतं.

शंभर माणसांना दहा किलो तांदूळ, हा त्याचा हिशोब. आमची माणसं अडीचशे. तीन टोप म्हणजे चैन होती.

मी पुण्याहून आलो होतो, म्हणून तज्ज्ञ ठरलो. निघण्यापूर्वी कसब्यातल्या तांबट आळीत डोकावलोही होतो. ठोकून ठोकून मठारलेली ती झळझळीत तांब्याची भांडी बघून मन भरलं, पण ती वजनावर विकतात. तराजूचा काटा हलला तसा मीही तिथून हललो. शिवाय ते तांबट पेशवाईत कोकणातूनच पुण्याला गेलेले. त्यांच्या हातची भांडी पुन्हा घाट उतरवून कोकणात आणायची म्हणजे तात्यांच्या भाषेत ‘माहेरपणाचा खर्च’.

तर आमचं गाव लांज्यापासून आत. सकाळी छोटा हत्ती दारात आला. ड्रायव्हर उजवीकडे, तात्या खिडकीशी, आणि मधे मी. गिअरचा दांडा माझ्या गुडघ्यांच्या बेचक्यात. ड्रायव्हर दुसरा गिअर टाकायचा तेव्हा आधी माझी परवानगी घ्यायचा. चढावर त्याला तेवढा वेळ नसायचा.

पहिला मुक्काम लांज्यातला मंडपवाला. मे महिन्यात मंडपवाल्याकडे भांडी मागायला जाणं म्हणजे चतुर्थीच्या आदल्या रात्री मूर्ती बुक करायला जाण्यासारखं. “टोप? तात्या, टोप तुळशीच्या लग्नालाच बुक झाले,” तो म्हणाला. मात्र वाढायच्या बालद्या, ओगराळी आणि चार पराती त्याने काढून दिल्या. डिपॉझिट घेतलं नाही. “तुमच्याकडे कसलं डिपॉझिट? जेवायला येतो ना आम्ही!” घरात तो धरून चार. तात्यांनी पाकिटाच्या कोपऱ्यात चार लिहिले.

वाटेत गॅस एजन्सी लागली. व्यावसायिक सिलिंडर 19 किलोचा, घरगुती 14.2 किलोचा. “लग्नाचा स्वयंपाक आहे तर व्यावसायिक घ्यावा लागेल,” खिडकीतला माणूस म्हणाला. तात्या पेटले. “अहो, लग्न घरगुती आहे! पत्रिकेवर छापलंय ‘आमचे राहते घरी’. मग सिलिंडर घरगुती का नको?” माझ्या मते हा युक्तिवाद वरच्या कोर्टात टिकला असता. खिडकीत टिकला नाही. परत हत्तीत बसताना तात्यांनी निर्णय दिला: चिऱ्यांच्या चुली मांडायच्या, घरामागे ऐन-किंजळीची लाकडं पडलीच आहेत.

टोप खरे होते ते देवळात. मुंबईकर मंडळींनी कधीकाळी वर्गणी काढून देवस्थानला दिलेली ही पितळी भांडी. दोन्ही बाजूंना जाड कड्या, त्यांतून बांबू घालून दोघांनी उचलायचे. प्रत्येकावर ठिपक्याठिपक्यांची अक्षरं, कोणाच्या तरी स्मरणार्थ. आचाऱ्याने स्वप्नात पाहिले असतील असे टोप. कुलपाची किल्ली गुरवाकडे होती आणि गुरव किल्लीला हात लावायच्या आधी म्हणाला, “देवाला विचारूया.”

कौल लावला. गाऱ्हाणं घातलं, त्यात वधू-वर, तात्या, पुण्याहून आलेला मी आणि टोप, सगळ्यांचा उल्लेख आला. पाकळी उजवीकडून पडली. देवाची हरकत नव्हती. हरकत मानकऱ्यांची निघाली. गेल्या पालखीला वरच्या आणि खालच्या वाडीचं वाजलं होतं. तेव्हा भांड्यांची वाटणी झाली, आणि वाटणी करणारा माणूस न्यायप्रिय असल्यामुळे टोप वरच्या वाडीच्या कुलपात गेले, झाकणं खालच्या वाडीच्या.

“झाकणावाचून चालेल का?” मी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुण्यात भात कसा शिजवतात याविषयी गुरवाने काळजीने चौकशी केली.

वरच्या वाडीला घरटी एक माणूस असं आमंत्रण होतं. मानकऱ्यांनी सुपारी कातरत सुचवलं की टोपासारखी वस्तू नेताना घरटी एक बरं दिसत नाही. आमंत्रण चूलबंद झालं. चाळीस वाढले. मग खालच्या वाडीत झाकणांसाठी गेलो, तर तिथे बातमी आमच्या आधी पोचलेली. “टोपवाल्यांना चूलबंद, आणि झाकणवाल्यांना घरटी एक?” एका म्हाताऱ्या काकींनी हा प्रश्न इतक्या गोड आवाजात विचारला, की तात्यांनी उत्तर न देता पेन काढलं. तीस. झाकणं मिळाली, दोन वाड्या एका पंगतीला बसवायची जबाबदारीही त्यांच्याबरोबर मिळाली. ती यादीत नव्हती.

तिसरा टोप आणि दोन्ही कढया वहिनींच्या माहेरी, ओणीच्या पुढे. भांड्यांच्या आधी तिथे आंबोळ्या आल्या, मग कोकम सरबत, मग फणस. माहेरच्यांना आमंत्रण होतंच, पण फक्त मोठ्यांना. कढई माळ्यावरून उतरवायला मात्र सगळी पोरं लागली. आता ज्यांनी कढई उतरवली त्यांनी जिलबी खायची नाही, असं कुठल्या तोंडाने म्हणणार? सोळा.

मागे टोपांचा असा गडगडाट चालला होता की राजापूरच्या उतारावर लोक आभाळाकडे पाहू लागले.

राजापुरात कल्हई करायची होती. काळ्या वाटाण्याची आमटी, त्यात आमसूल, आणि ती बिनकल्हईच्या पितळेत ठेवली तर हमखास कळकणार. पंगत उठायच्या आधीच हिरवटेल. कल्हईवाला शोधणं ही वेगळी यात्रा झाली. इथली गंगा कधी प्रकटेल हे कोणी छातीठोक सांगत नाही, पण कल्हईवाल्यापेक्षा तिचा भरवसा जास्त. अखेर तो अर्जुनेच्या काठाजवळ सापडला, तोही चहाच्या टपरीवर.

पण काम सुरू झालं आणि आम्ही तिघंही गप्प झालो. जमिनीत खड्डा, कोळसे, भाता. टोप तापला तशी त्याने नवसागराची पूड भुरभुरली. पांढरा धूर उठला, नाकात झणका गेला. मग कथलाची कांडी आत टेकवली. कथील 232 अंशांनाच वितळतं, पितळेला त्याचं काही वाटत नाही. कापसाच्या बोळ्याने त्याने ते असं फिरवलं की काळपट टोपाच्या पोटात एका दमात चांदी पसरली. छन्न करून टोप पाण्यात. या एका कसबासाठी हॉलवाल्यांची सगळी वातानुकूलित सोय मी ओवाळून टाकायला तयार आहे. ड्रायव्हरने आत वाकून भांग पाडला.

तेवढ्यात आचाऱ्याचा फोन. मिळालं का सगळं?

“सगळं मिळालं,” तात्या छाती काढून म्हणाले.

“आणि माणसं अडीचशेच ना?”

तात्यांनी पाकिटाचा कोपरा वाचला. चार, चाळीस, तीस, सोळा. माझ्याकडे पाहिलं. हिशोब माझ्याकडे होता; मी बोटांनी तीनशे चाळीस दाखवले.

“मग आणखी एक टोप लागणार,” फोनमधला आवाज थंडपणे म्हणाला. “झाकणासकट.”

कल्हईवाल्याने भात्यावरचा हात थांबवला. “पाचलला माझ्या मेव्हण्याकडे आहे एक. जाड बुडाचा. मी सांगितलं तर देईल.”

तात्यांनी खिशातून पेन काढलं.

“मेव्हण्याकडे माणसं किती?”