अर्धं पातं, पुरता विश्वास

दौंडात राज्य राखीव पोलीस दल, शिरूर तालुक्यात रांजणगावची एमआयडीसी. गुळगुळीत गालांची सक्ती असलेली मंडळी दोन्हीकडे भरपूर, त्यामुळे सलूनची खुर्ची थंड होत नाही. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची स्वच्छतेची कसोटी मात्र एकच: पातं नवं हवं. कारागीर कागदासकट पातं मधोमध मोडतो, कट्‌ असा आवाज येतो, आणि आपण निर्धास्तपणे मान मागे टाकतो.

ते अर्धं पातं ज्या वस्तऱ्यात सरकवतात, त्याच्या खाचेत आधीच्या गालांचा फेस वाळलेला असतो. ब्रश सकाळपासून एकच. तुरटीचा खडा तर सार्वजनिक मालमत्ता! आधीच्याच्या रक्तावरून थेट आपल्या कापलेल्या हनुवटीवर, वर ‘जंतू मरतात, साहेब’ ही हमी. तुरटीने रक्त थांबतं, हे खरं. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस तग धरतो, त्याला या हमीची कल्पना नसावी.

कोरोनाच्या टाळेबंदीनंतर 28 जून 2020 पासून राज्यात सलून उघडली, तेव्हा सरकारने केस कापायला मुभा दिली, दाढीला नाही. तेव्हा आपणच टॉवेलकडे संशयाने बघत होतो. आता तोच ओलसर टॉवेल दिवसभर गळ्यागळ्यांत फिरतो आणि आपण डोळे मिटून घेतो.

कारागिराला दोष देण्याआधी वस्तरा स्पिरिटने पुसून मागा, त्याचे चार पैसे जास्त द्या. आणि तुरटी किराणा दुकानात मिळते, स्वतःची न्या.