निर्दोष रक्ताचे दुखणे

पन्नाशी ओलांडलेल्या, बहुधा सत्तरीच्या आसपास पोचलेल्या माणसाला एके दिवशी दोन्ही हात खांद्याच्या वर नेता येईनासे होतात, मान वळवायची तर सगळे धड वळवावे लागते आणि पलंगावरून उठून बसणे हा सकाळचा एक स्वतंत्र कार्यक्रम होऊन बसतो, तेव्हा आधुनिक वैद्यक ज्या आजाराची शंका घेते त्याचे नाव पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिका असे आहे. खांदे, मान, कंबर आणि मांड्यांचा वरचा भाग येथे दोन्ही बाजूंना सारखीच होणारी वेदना, आणि झोपेतून उठल्यावर पाऊण तासाहून अधिक टिकणारा ताठरपणा, ही त्याची मुख्य लक्षणे होत. स्त्रियांमध्ये तो पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो, उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत त्याचे प्रमाण सर्वाधिक आहे आणि भारतात तो तुलनेने कमी नोंदला जातो. येथवर सर्व सरळ आहे. गुंता होतो तो ज्यांच्या रक्ताला आपल्या मालकाच्या दुखण्याची खबरच नसते, अशा अल्पसंख्य रुग्णांच्या बाबतीत.

मराठी घरात या आजाराचे पहिले निदान घरातील वडीलधारे, शेजारी आणि फोनवरून चौकशी करणारे आप्त यांची संयुक्त समिती करते. ‘वात आहे’ हा या समितीचा मूळ सिद्धान्त असून, गादी बदलावी, पंख्याखाली झोपू नये, वांगे आणि वाटाणे वर्ज्य करावेत, निर्गुडीच्या तेलाने चोळून गरम पाण्याच्या पिशवीने शेकावे, ही त्यावरील भाष्ये होत. मतभेद असतो तो दोष गादीचा की वांग्याचा, एवढ्यापुरताच. दरम्यान शर्टाच्या दुसऱ्या बाहीत हात घालण्यासाठी रुग्णाला बायकोची, आणि रुग्ण स्त्री असेल तर वेणी घालून घेण्यासाठी सुनेची मदत लागू लागते, आणि रात्री कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करावी लागते.

दुर्दैव असे की या आजाराची वेळ आणि दवाखान्याची वेळ यांचे मुळीच जमत नाही. दाहाचा संदेश पोचवणारा इंटरल्यूकिन-६ नावाचा पदार्थ शरीरात पहाटेच्या सुमारास सर्वाधिक वाढतो, त्यामुळे सकाळी सहाला रुग्णाची अवस्था करुण असते. परंतु केस-पेपर काढून, नंबर लावून तो बाराच्या सुमारास डॉक्टरांसमोर बसतो तेव्हा अंग बरेच मोकळे झालेले असते, आणि सोबत आलेली बायको ‘सकाळी बघायला हवं होतं तुम्ही यांना’ असे सांगत असतानाच हे गृहस्थ हात जवळजवळ डोक्यापर्यंत नेऊन दाखवतात व स्वतःची बाजू स्वतःच दुबळी करतात. अशा वेळी डॉक्टर रक्ताकडे वळतात, हे स्वाभाविकच होय.

रक्ताला विचारले जाणारे प्रश्न मुख्यतः दोन. पहिला ईएसआर, म्हणजे उभ्या अरुंद नळीत ठेवलेल्या रक्तातील तांबड्या पेशी एका तासात किती मिलिमीटर खाली बसतात याचे मोजमाप. शरीरात दाह असला की फायब्रिनोजेन नावाचे प्रथिन वाढते, त्यामुळे पेशी एकमेकींना चिकटून त्यांच्या चळती बनतात आणि जड झाल्यामुळे त्या लवकर तळाशी जातात. स्वीडनमधील वेस्टरग्रेन यांनी १९२१ मध्ये रूढ केलेली ही पद्धत आजही प्रमाण मानली जाते. दुसरा सीआरपी, म्हणजे इंटरल्यूकिन-६ च्या सांगण्यावरून यकृत तयार करते ते प्रथिन, जे १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात प्रथम ओळखले गेले. या आजाराच्या बहुसंख्य रुग्णांत यांपैकी एक किंवा दोन्ही आकडे वाढलेले सापडतात; परंतु काहींचा ईएसआर जागचा हलत नाही, आणि अगदी थोड्यांच्या बाबतीत दोन्ही आकडे नॉर्मल राहतात.

नॉर्मल ही संज्ञाही वाटते तितकी कठोर नाही. ईएसआरच्या बाबतीत वयाला सवलत देण्याचा एक प्रचलित ठोकताळा असा की पुरुषाच्या वयाची निम्मी संख्या, आणि स्त्रीच्या वयात दहा मिळवून येणाऱ्या बेरजेची निम्मी संख्या, ही वरची मर्यादा समजावी. त्यानुसार सत्तर वर्षांच्या गृहस्थांचा ईएसआर आयुष्यभर पाच असून आता तीसवर गेला, तरी पस्तिसाच्या आत असल्यामुळे तो निर्दोष ठरतो. तो सहापट झाला याची नोंद घेणारा रकाना रिपोर्टात नसतो. निवृत्तिवेतनधारक स्वतः खिडकीसमोर उभा असला तरी नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला दाखल होईपर्यंत त्याचे जिवंत असणे जसे नोंदले जात नाही, तसेच ज्याचा हात वर जात नाही त्याचे दुखणे आकडा ठळक अक्षरांत छापला जाईपर्यंत अधिकृत होत नाही. घरची मंडळी मात्र ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणून पेढे आणण्याच्या बेतात असतात, आणि आपल्याला निदान एखादा तरी दोष निघावा अशी प्रार्थना करणारा घरातील एकमेव सदस्य म्हणजे रुग्ण.

या आजाराचा इतिहास मात्र अशा रुग्णाच्या बाजूने साक्ष देतो. स्कॉटलंडमधील डॉक्टर विल्यम ब्रूस यांनी १८८८ मध्ये पाच वृद्ध रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा वेस्टरग्रेन यांची पद्धत यायला ३३ वर्षे अवकाश होता. त्यांच्यापाशी होते ते रुग्णाचे सांगणे आणि ते ऐकून घेण्याची तयारी, आणि तेवढ्यावर त्यांनी हा आजार ओळखला. आजचे नाव त्याला १९५७ मध्ये ब्रिटिश डॉक्टर स्टुअर्ट बार्बर यांनी दिले. १९७९ मध्ये बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निदानाचे सात निकष मांडले. त्यांत ईएसआर चाळीसच्या वर असणे हा सातांपैकी केवळ एक निकष होता आणि कोणतेही तीन जुळले तरी आजार संभवनीय मानला जाई, म्हणजे नॉर्मल रक्ताच्या माणसालाही दार उघडे होते. २०१२ मध्ये युरोपीय व अमेरिकी संधिवाततज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून नवे निकष ठरवले, आणि त्यांत ईएसआर किंवा सीआरपी वाढलेला असणे ही प्रवेशाचीच अट झाली. गंमत अशी की त्याच निकषांत आमवाताचे, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे, खास घटक रक्तात नसतील तर दोन गुण मिळतात. सारांश, रक्त नॉर्मल असल्याबद्दल रुग्णाला गुण द्यायचे आणि रक्त नॉर्मल असल्याबद्दलच परीक्षेला बसू द्यायचे नाही, अशी ही व्यवस्था आहे. तिच्या कर्त्यांना दोष देणे मात्र अन्यायाचे होईल, कारण हे निकष संशोधनासाठी सारखे रुग्ण निवडता यावेत म्हणून केलेले वर्गीकरणाचे निकष आहेत. समोरच्या माणसाचे निदान त्यांनीच करावे, असा त्यांचा दावा नाही.

मग असे निदान होते कसे, तर मुख्यतः इतर संशयितांना एकेक करून वगळल्याने. थायरॉइड तपासला जातो, ड जीवनसत्त्व तपासले जाते, स्नायूंना इजा झाल्यास वाढणारे सीके हे विकर तपासले जाते, कोलेस्टेरॉलवरील स्टॅटिन गोळ्यांमुळे स्नायू दुखत नाहीत ना हे पाहिले जाते, मायलोमासारख्या कर्करोगाची शक्यता दूर केली जाते. परिणामी रुग्णाची फाइल नॉर्मल रिपोर्टांनी फुगत जाऊन अखेरीस ती उचलण्यासाठीही दुसऱ्याचा हात लागतो. शेवटी कोणी संधिवाततज्ज्ञ खांद्याची सोनोग्राफी सुचवतात, आणि स्नायू व हाड एकमेकांवर घासू नयेत म्हणून निसर्गाने ठेवलेल्या बर्सा नावाच्या पिशवीत, तसेच दंडाच्या स्नायूच्या कंडरेभोवती, दाहामुळे साठलेले पाणी दिसते. रक्ताने जे सांगितले नाही ते खांद्याने सांगितलेले असते. आणि आपल्याला आजार झाला आहे हे ऐकून आनंदाने उजळणारा चेहरा पाहण्याचा दुर्मीळ योग डॉक्टरांना लाभतो.

उपचार आहे प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा, दिवसाला साधारणतः साडेबारा ते पंचवीस मिलिग्रॅम एवढ्या मात्रेत. काही दिवसांतच अंग असे सुटते की ज्यांना उठवून बसवावे लागत होते ते गृहस्थ रात्री दोन वाजता झोप येत नाही म्हणून स्टुलावर चढून माळा आवरताना सापडतात, आणि भूक तर अशी लागते की समितीने वर्ज्य केलेले वांगेही त्यांच्या तावडीतून सुटत नाही. तथापि स्टेरॉइडने इतरही अनेक दुखणी दबतात, त्यामुळे हा गुण निदानाला बळ देतो, ते सिद्ध करीत नाही. शिवाय रक्तातील साखर आणि हाडांची झीज यांवर लक्ष ठेवावे लागते. एक गोष्ट मात्र विनोदाबाहेर ठेवणे भाग आहे. याच आजाराचे भावंड असलेल्या जायंट सेल आर्टरायटिस या विकारात डोक्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना दाह होतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणून नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, केस विंचरताना दुखणारी टाळू, घास चावताना दुखणारा जबडा किंवा अंधुक दिसणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, रिपोर्ट काहीही म्हणत असो.

मात्रा पुढे हळूहळू उतरवायची असते, दहा मिलिग्रॅमच्या खाली तर महिन्याला साधारण एकेक मिलिग्रॅमने, आणि हे प्रकरण बहुधा वर्ष-दोन वर्षे, कधी त्याहूनही लांबते. इतर रुग्णांत ईएसआर व सीआरपी यांच्या चढउतारावरून मात्रेचा अंदाज घेता येतो. येथे मात्र जे आकडे आजारातही हलले नाहीत ते बरे होतानाही हलत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांना नाइलाजाने ब्रूस यांच्याच पद्धतीकडे जावे लागते आणि प्रत्येक भेटीत रिपोर्ट बाजूला ठेवून, पेन खाली ठेवून, रुग्णाच्या डोळ्यांत पाहत ‘कसं वाटतंय?’ असे मनापासून विचारावे लागते. इतकी वर्षे याच प्रश्नाची वाट पाहणारा मराठी रुग्ण त्यावर, केवळ जन्मजात संकोचाने आणि डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून, ‘तसं बरं आहे’ असे उत्तर देतो, आणि फाइलमध्ये आणखी एका नॉर्मल रिपोर्टाची भर पडते.